दारव्ह्यात कोण कोणाला काय वाचायला सांगतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आज सगळ्यांत जास्त शिफारस कोणत्या पुस्तकाची होत असेल? माझं उत्तर ‘मृत्युंजय’ नाही, ‘कोसला’ तर मुळीच नाही. एम. लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक, हे माझं उत्तर. साहित्याच्या आढाव्यात हे नाव पाहून काही जण नाक मुरडतील. मुरडू द्या. एकाने पुस्तक सांगायचं, दुसऱ्याने ते मिळवून वाचायचं आणि तिसऱ्याला सांगायचं, ही साखळी तालुक्याच्या गावी रोजच्या रोज कुठे चालत असेल तर ती स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत. सकाळी डबा घेऊन आलेली पोरं रात्री दिवे बंद होईपर्यंत तिथे असतात, आणि चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडी पुस्तकांचीच नावं असतात.

ही शिफारस फार नेमकी असते. राज्यव्यवस्थेला लक्ष्मीकांत, अर्थशास्त्राला रंजन कोळंबे, इतिहासाला ग्रोव्हर-बेल्हेकर, भूगोलाला सवदी. व्याकरणाला मो. रा. वाळंबे घ्यावेत की बाळासाहेब शिंदे, यावर दोन तट. परीक्षा तोंडावर आली की सगळ्यांवर उतारा म्हणजे सर्व विषय एकत्र असलेला ‘ठोकळा’. कोणती आवृत्ती घ्यायची, कोणतं प्रकरण सोडलं तरी चालतं, कोणत्या तक्त्यावर विसंबू नये, हे सगळं सांगणारा सांगतो. पुस्तकाविषयी इतकं रोखठोक बोलणं आमच्या समीक्षेत क्वचितच आढळतं. प्रत जुनी झाली की अर्ध्या किमतीत पुढच्या तुकडीकडे जाते. अशी एखादी प्रत हातात घेऊन पाहा. आधी पेन्सिलीच्या रेघा, त्यांवर लाल शाई, तिच्यावर पोपटी मार्कर. समासात प्रश्न कोणत्या वर्षी आला होता त्याची नोंद, आणि एखाद्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘इथून पुढे उद्या’. पुस्तकासोबत आधीच्या दोन-तीन मालकांची उमेदही वाचायला मिळते.

अभ्यासिकेच्या टेबलावर अवांतर म्हणून काही चालत असेल तर यशाच्या गोष्टी. विश्वास नांगरे पाटील यांचं ‘मन में है विश्वास’, राजेश पाटील यांचं ‘ताई! मी कलेक्टर व्हयनू’, डॉ. कलामांचं ‘अग्निपंख’. या पुस्तकांना कमी लेखायचं कारण नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचं आयुष्यातलं पहिलं पुस्तक म्हणून अनेकांनी यांतलंच एखादं वाचलेलं असतं. माझी तक्रार एवढीच, की ही पुस्तकं निवड झालेल्यांची आहेत. निवड न झालेले हजारो जण परत गावाकडे येतात आणि सोयाबीनच्या फवारणीला लागतात. त्यांचंही पुस्तक मराठीत आहे, पण ते त्या टेबलावर नसतं. त्याबद्दल पुढे.

दुसरा मोठा वाचकवर्ग स्वतःला वाचक म्हणवत नाही. दारव्हा तालुक्यातच धामणगाव (देव) हे मुंगसाजी महाराजांचं गाव आहे. शेगावच्या गजानन महाराजांची ओढ तर साऱ्या वऱ्हाडाला. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ या ग्रंथाचे एकवीस अध्याय एका बैठकीत वाचून काढणाऱ्या बाया इथे गल्लोगल्ली आहेत. एका बैठकीत म्हणजे चार-पाच तास. कोणत्या कादंबरीला आज असा वाचक मिळतो? ‘नोकरीचं जमत नाही? एक पारायण कर’, ‘लग्न लांबलं? एकवीस गुरुवार कर’ अशी ही शिफारस नेहमी एखाद्या अडचणीला जोडलेली असते. अडचण नसेल तर पुस्तक सांगितलं जात नाही.

तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’ची गोष्ट थोडी वेगळी. एकेचाळीस अध्यायांचा हा ग्रंथ विदर्भातल्या गुरुदेव सेवा मंडळांनी घरोघर नेला. त्यात गावाची सफाई आहे, श्रमाची प्रतिष्ठा आहे, स्त्रियांचं शिक्षण आहे, अस्पृश्यतेवर प्रहार आहे. खरं तर ते ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत वाचायचं पुस्तक. आम्ही त्याला लाल कापडात गुंडाळून फोटोशेजारी ठेवलं. लोक ‘वाच’ म्हणतात ते पुण्यासाठी, आणि महाराजांनी लिहिलं ते गावाच्या नाल्या उपसण्यासाठी. तरीही त्याच्या सोप्या ओव्यांनी कैक कमी शिकलेल्यांना वाचनाची सवय लावली, हे नाकारता येणार नाही.

तिसरी धारा मला सगळ्यांत जोमदार वाटते. दसऱ्याच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातून माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात आणि परतताना पुस्तकांच्या पिशव्या घेऊन येतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सुरू झालेली ही रीत साहित्य संमेलनांतल्या ग्रंथविक्रीला लाजवणारी आहे. मजुरी करणारा माणूस येण्या-जाण्याच्या खर्चातून वाचवून पुस्तक घेतो, हे तिथे कोणालाही दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगितलं जातं ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मग फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’, दया पवारांचं ‘बलुतं’. सरकारने छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड स्वस्त असतात, म्हणून त्यांच्यासाठी रांग लागते. ते वेळेवर मिळत मात्र नाहीत. या खंडांच्या रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. मागणी आहे आणि पुस्तक नाही, म्हणून न्यायालयाला लक्ष घालावं लागतं! ‘वाचक राहिला नाही’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा चाळावं.

याच धारेतून आलेली एक छोटी पुस्तिका जातीपातीच्या भिंती ओलांडून गेली. गोविंद पानसरे यांची १९८८ मधली ‘शिवाजी कोण होता?’. शिवजयंतीला ती वाटली जाते, कॉलेजच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून दिली जाते. पाऊण-एक तासात वाचून होते आणि खिशात मावते. पुस्तक फिरायला किंमत, जाडी आणि निमित्त या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. तिच्याबाबतीत त्या जुळल्या.

आता वाचनालय. आढावा लिहिणारे सहसा इथूनच सुरुवात करतात, मी मुद्दाम चौथ्या क्रमांकावर आलो. वाचनालयात खुर्चीवर बसलेली बाई किंवा भाऊ (यांना ग्रंथपाल म्हणायचं, पगार मात्र त्या नावाला शोभणारा नाही) गावातल्या शिफारशींचं सगळ्यांत जुनं केंद्र. ‘काही चांगलं द्या हो’ एवढंच म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला ओळखून पुस्तक काढून देणं, ही विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. निवृत्त गुरुजी आले की ‘पानिपत’ किंवा ‘झाडाझडती’. नवी सून पहिल्यांदा आली की सुधा मूर्ती. लीना सोहोनींच्या सरळ मराठी अनुवादामुळे ती पुस्तकं अडखळू देत नाहीत, आणि अशा वाचक पुन्हा येतात. त्यांतल्याच काही जणी वर्षभरात उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या भैरप्पांपर्यंत पोचतात. कानडी भैरप्पा वऱ्हाडात आपल्याच घरचे असल्यासारखे वाचले जातात. ‘पर्व’ वाचून झालेली बाई ‘मृत्युंजय’कडे परत जाते तेव्हा तिला त्यातला कर्ण जरा जास्तच बोलतो असं वाटू लागतं. वाचक घडतो तो असाच.

‘मृत्युंजय’ मात्र हलायला तयार नाही. १९६७ सालची कादंबरी आजही पुस्तकवेड्यांच्या यादीत पहिली असते. शिवाजी सावंतांची भाषा मला आता फार फुललेली, अलंकारांनी वाकलेली वाटते. पण पंधरा-सोळाव्या वर्षी अपमान म्हणजे काय हे ज्याला कळू लागलेलं असतं, त्याला कर्णासारखा सोबती दुसरा कोण भेटणार? वाचनालयातली त्याची प्रत पाहिली तर बांधणी दोनदा केलेली, कव्हरच्या जागी खाकी कागद, आणि शेवटच्या पानावरच्या तारखांच्या पट्टीवर दुसरी पट्टी चिकटवलेली. त्याच सावंतांच्या ‘छावा’ला फेब्रुवारी २०२५ मधल्या सिनेमाने नवं आयुष्य दिलं. मूळ कादंबरी १९७९ ची. सिनेमा पाहून आलेली पोरं वाचनालयात जाऊन तिची चौकशी करू लागली. त्यांतल्या किती जणांनी ती संपवली हा प्रश्न आहेच, पण इतक्या जाड पुस्तकाला पोरांनी हात तरी लावला. ‘शाळा’ आणि ‘दुनियादारी’ यांनाही सिनेमाने असाच हात दिला होता. ‘तुंबाड’ने नारायण धारपांना दिला. धारपांच्या भयकथा आता विशीतली पोरं एकमेकांना सांगतात, आणि तेही ‘रात्री एकटा वाच’ अशा आव्हानासकट.

व. पु. काळे अजून आहेत, पण तुकड्या-तुकड्यांनी. ‘वपुर्झा’तली वाक्यं मोबाइलच्या स्टेटसवर फिरतात, ज्याने ती टाकली त्याने पुस्तक पाहिलेलंच असेल असं नाही. पु. लं.चं थोडं तसंच, ते आता वाचण्यापेक्षा ऐकले जास्त जातात. परदेशी पुस्तकांत ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘इकिगाई’, ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ यांची मराठी भाषांतरं विम्याचे एजंट आणि दुकानदार एकमेकांना देतात. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

इतकं सगळं वाचलं जातं. मग काय वाचलं जात नाही? मला या आढाव्यात खरं सांगायचं आहे ते इथे. दारव्हेकर ज्या मातीत राहतो, जी बोली बोलतो, ज्या कापसाच्या भावावर त्याचं घर चालतं, त्या जगण्यावर मराठीत उत्तम कादंबऱ्या आहेत. आणि दारव्ह्यात त्या कोणी कोणाला सांगत नाही.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घ्या. बुलढाण्याकडच्या या लेखकाला तिच्यासाठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला आहे. नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत, शेतीत मन रमत नाही, घरात आई-बाप, बायको, भाऊ सगळ्यांशी ओढाताण. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोराची ही चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतरची कहाणी आहे. निवड न झालेल्यांचं पुस्तक मी म्हणत होतो ते हेच. राजेश पाटलांचं पुस्तक ज्याला सांगितलं जातं त्याला त्याच्या जोडीने एकनाथही सांगितला पाहिजे. घाबरवण्यासाठी नव्हे. आपण एकटेच मागे राहिलो नाही, आणि दोष सगळा आपल्याच डोक्याचा नाही, एवढं कळण्यासाठी.

किंवा उद्धव शेळके यांची ‘धग’. १९६० मधली ही कादंबरी वऱ्हाडी बोलीतल्या संवादांनी भरलेली आहे. शिंप्याच्या घरातली कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी आणि दारिद्र्याशी शेवटपर्यंत झुंजते. ती बोलते तेव्हा आपल्या गल्लीतली म्हातारी बोलतेय असं वाटतं. आता तिच्या शेजारी २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली देविदास सौदागर यांची ‘उसवण’ ठेवा. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले, आणि कादंबरी आहे तयार कपड्यांच्या लाटेत हातातलं काम गेलेल्या शिंप्याची. साठेक वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन कादंबऱ्यांत सुई-दोऱ्याच्या धंद्याची पूर्ण घसरण वाचता येते. कापूस पिकवणाऱ्या आणि कापड बाहेरून आणणाऱ्या जिल्ह्यात हे वाचलं जाऊ नये, याला काय म्हणायचं?

नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ शेजारच्या वाशीम भागातली, १९९५ चा अकादमी पुरस्कार मिळालेली. आत्माराम राठोडांचं ‘तांडा’ हे बंजारा आत्मकथन. दारव्हा-दिग्रस-पुसद या पट्ट्यात तांडे किती आहेत आणि बंजाऱ्यांचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी इथून किती जवळ आहे हे पाहिलं तर हे पुस्तक घराघरांत असायला हवं होतं. या साऱ्यांत एकच अपवाद मला दिसतो. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’. साक्षरता अभियानाच्या कागदी घोड्यांची ही टर जिल्हा परिषदेचे शिक्षक एकमेकांना हमखास सांगतात, कारण त्यात ते स्वतःला ओळखतात आणि वर हसायलाही मिळतं.

मग बाकीच्या का सांगितल्या जात नाहीत? एका शेतकऱ्याने मला सरळ विचारलं, ‘आपलंच रडनं इकत घेऊन कायले वाचावं बाप्पा?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशाला एकाच कारणाने ठाऊक झालं. अहवाल झाले, पाहणी पथकं आली, कॅमेरे आले. ज्याच्या घरावरून इतक्या जणांनी लिहिलं त्याला आणखी एक पुस्तक नको वाटलं तर त्याचं काय चुकलं?

तरीही हे उत्तर मला पुरतं पटत नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं. त्याआधीचं यवतमाळचं संमेलन १९७३ चं, गदिमा अध्यक्ष असलेलं. २०१९ ला अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, गदारोळ झाला, आणि अखेर राजूरच्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं. त्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी, आणि शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या ‘तेरवं’ या नाटकात काम करणाऱ्या. त्यांचं भाषण लोकांनी कान देऊन ऐकलं आणि नंतर मोबाइलवरून एकमेकांना पाठवलं. सहगल यांच्या न झालेल्या भाषणाचा मराठी तर्जुमाही असाच फिरला. म्हणजे आपलं दुःख लोकांना नको आहे असं नाही. ते आपल्या माणसाच्या तोंडून, आपल्या बोलीत आलं तर चालतं.

याचा दुसरा पुरावा शंकर बडे. दारव्ह्याजवळच्या बोरी अरबचा हा वऱ्हाडी कवी. ‘इरवा’, ‘सगुन’ हे त्यांचे संग्रह. पण बडे वाचून माहीत असलेला माणूस शंभरात एखादा, आणि ऐकून माहीत असलेले बाकी सगळे. ‘अस्सा वऱ्हाडी माणूस’ हा एकपात्री प्रयोग घेऊन ते गावोगाव हिंडले. त्यांची कविता लोकांना पाठ आहे, पुस्तक मात्र घरात नाही. २०१६ मध्ये ते गेले आणि तोंडाने सांगणारा माणूस गेला. आता त्यांची कविता नव्या पोराला कोण सांगणार?

पुस्तक मिळणं हा भाग आहेच. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइड, पंचांग आणि राख्या. कादंबरी हवी तर यवतमाळ, नाही तर अमरावती-नागपूर. एके काळी एसटी स्थानकावरच्या स्टॉलवर बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक लटकलेले असत, आता तिथे पाण्याच्या बाटल्या आणि चिप्स. शकुंतला रेल्वे सुरू होती तेव्हा दारव्हा-मोतीबाग ते मूर्तिजापूर या संथ प्रवासात एक रहस्यकथा सहज संपत असे, असं जुने लोक सांगतात. मी त्या गाडीचा वेग पाहिलेला आहे, दोनही संपत असतील.

आज पुस्तक मोबाइलवर मागवता येतं आणि दोन-चार दिवसांत येतं. म्हणजे अंतराची सबब अर्धी उरलेली आहे. ऐकायची पुस्तकं, ‘प्रतिलिपि’वरच्या मालिका-कथा हेही चाललं आहे. रात्री स्वयंपाकघर आवरताना कानात कथा लावणाऱ्या बाया आहेत, आणि त्यांना वाचक मानायचं की नाही यावर मला वाद घालायचा नाही.

वाचनालयांचं दुखणं जुनं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवलेली ही वाचनालयं सरकारी अनुदानावर जगतात. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्के वाढलं, पण ते आधी इतकं कमी होतं की वाढूनही नव्या पुस्तकांसाठी उरतं ते थोडंच. मग खरेदी होते ती स्वस्त संचांची. त्यात प्रेरणादायी विचार असतात, थोर पुरुषांची तीस पानी चरित्रं असतात, ‘बारोमास’ नसते. ग्रंथपालाच्या वेतनाचं तर बोलूच नये. जी व्यक्ती गावाला वाचायला सांगणार, तिलाच नवं काही वाचायची उसंत आणि ऐपत आपण ठेवलेली नाही. दिवाळी अंकांची योजना मात्र बऱ्याच ठिकाणी नेमाने चालते. एकदाच वर्गणी भरा आणि उन्हाळ्यापर्यंत अंक न्या. जुने वाचक तेवढ्यासाठी तरी उंबरा चढतात.

माझा निकाल असा: दारव्ह्यात वाचन कमी नाही. परीक्षा, श्रद्धा आणि आत्मसन्मान या तीन कारणांनी माणसं भरपूर वाचतात, कारण त्या तिन्ही ठिकाणी हक्काने ‘हे वाच’ म्हणणारं कोणी तरी आहे. आपल्या भागातल्या साहित्याला तसा सांगणारा नाही. शाळा-कॉलेजातले मराठीचे शिक्षक-प्राध्यापक हे काम करू शकले असते. त्यांनी या कादंबऱ्यांवर प्रबंध लिहिले, वर्गाबाहेरच्या कोणाला त्या सांगितल्या नाहीत.

तेव्हा एक विनंती, अभ्यासिका चालवणाऱ्यांना आणि वाचनालयांच्या संचालकांना. पोरं जिथे दिवसभर बसतात त्या टेबलाच्या टोकाला ‘बारोमास’च्या दोन प्रती आणि ‘धग’ची एक प्रत ठेवा. कुलपात नको, नोंदवहीही नको. वर्षभरात तिन्ही चोरीला गेल्या तर कळवा, पुढच्या तीन प्रती मी आनंदाने देईन.